दिसत नाही

“वरचं अक्षर सांगा,” डॉक्टरीण म्हणाली, आणि त्याच्या तोंडून चाळीस वर्षं जे निघत आलं होतं तेच निघालं. “दिसत नाही.” बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं, की आपण आज भलत्या जागी भलतं बोललो. कारण दिसत तर होतं. पाठीमागून दिवा लावलेली ती पांढरी पाटी दिसत होती, तिच्यावरचं तळहाताएवढं काळं अक्षर दिसत होतं, त्या अक्षराच्या डाव्या कोपऱ्यात शाई नीट बसली नव्हती तो तांदळाएवढा ठिपका दिसत होता. चौथ्या ओळीत दोन अक्षरांच्या मधोमध एक माशी कधीतरी बसून गेली होती, तिची खूण दिसत होती. पाटी भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेली होती आणि खालच्या उजव्या स्क्रूला गंज धरला होता. एवढं सगळं दिसत असताना फक्त त्या काळ्या आकाराला काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीण तरुण होती, कारखान्याने पहिल्यांदाच डोळे तपासायला बोलावलेली, आणि बाहेर तिथल्या तीसेक लोकांची रांग होती. तिने मान वर करून पाहिलं. “हे एवढं मोठं दिसत नाही?” आता हसून म्हणायला हवं होतं, अहो बाई, दिसतंय, वाचता येत नाही. चार शब्द. पण ते चार शब्द त्याने जन्मात कोणापुढे उच्चारले नव्हते आणि जिभेला त्यांची वाट माहीत नव्हती. तो म्हणाला, “धूसर आहे.” मग तिने बोटं दाखवली. तीन होती. तीन म्हणावं तर आधीचं खोटं पडतं, म्हणून तो गप्प राहिला. तिने दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली, पापण्या वर केल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “मला तर काही दिसत नाही.” आत दोष दिसत नाही असं तिला म्हणायचं होतं. त्याला मात्र क्षणभर वाटलं, हिलाही वाचता येत नसावं की काय, आणि इतक्या घाबरलेल्या जिवातही त्याला हसू आलं. बाईंनी कागदावर भराभर काही लिहिलं. डोळ्यामागची नस असू शकते, मोठ्या इस्पितळात दाखवा, शुक्रवारची वेळ घेऊन देते, आणि तोवर कामावर जायचं नाही. अगदी नाही.

काम म्हणजे बाटल्या बघण्याचं. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड होऊन पट्ट्यावरून एकामागून एक येत, दुधी काचेच्या उजेडापुढून जात, आणि त्या उजेडासमोर स्टुलावर बसून त्यांतल्या सदोष तेवढ्या उचलून बाजूला टाकायच्या. एखादीत बुडबुडा असतो, एखादीत न वितळलेला खडा, एखादीच्या गळ्याला केसाएवढी चीर. बाकीचे तपासनीस अर्ध्या तासाने डोळे चोळत उठत. हा चौतीस वर्षं त्या उजेडापुढे बसला होता आणि त्याच्या हातून सुटलेली बाटली कुणी आणून दाखवली नव्हती. कारखान्यात त्याला घार म्हणत. नव्या माणसांना तर त्याचं खरं नाव ठाऊकच नसे. एकदा एका औषधाच्या बाटलीचा नवा साचा आला होता. काचेवरच कंपनीचं नाव उठून येई. इंजिनिअरांनी पाहिलं, साहेबांनी पाहिलं, गिऱ्हाइकाने येऊन पाहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पट्टा सुरू झाला आणि पाचव्या बाटलीला घारने हात वर करून तो थांबवला. “ह्यातल्या तिसऱ्याचं पोट उलट्या बाजूला आहे,” तो म्हणाला. साहेबांनी बाटली हातात घेऊन नाव मोठ्याने वाचलं, बरोबर वाचलं, आणि म्हणाले, बरोबर तर आहे. मग पुन्हा पाहिलं. तिसरं अक्षर साच्यात उलटं कोरलं गेलं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी नाव वाचलं होतं, अक्षर कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. वाचावं तर घारसारखं, म्हणाले. ते ऐकताच तो पुन्हा स्टुलावर जाऊन बसला आणि पट्ट्याकडे तोंड केलं.

चिठ्ठी खिशात ठेवून तो फाटकाबाहेर आला. नेहमी सुटीच्या भोंग्याला गर्दीतून निघणारा माणूस सकाळी अकराला एकटाच रस्त्यावर, ह्याचंच त्याला विचित्र वाटत होतं. रस्ता पाट्यांनी भरलेला होता. दुकानांवर, खांबांवर, गाड्यांच्या पाठीवर, भिंतींवर, सगळीकडे काहीतरी लिहिलेलं. एरवी त्याचं त्याला काही वाटत नसे. आपल्याशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरांवरून माणूस रोज जातो तसा तो त्यावरून जाई. बस तो रंगावरून आणि पुढच्या काचेवरच्या ओरखड्यांवरून ओळखी. औषधं गोळीच्या आकारावरून. साहेबांच्या सहीचा कागद आला की खालचा शेपटा बघून सांगे, मोठ्या साहेबांचा आहे. बाकीसाठी एकच वाक्य पुरत आलं होतं. “जरा वाच रे, चष्मा राहिला घरी, दिसत नाही.” तरुणपणी हे वाक्य शोभत नव्हतं म्हणून त्याने रस्त्यावरून एक चष्मा विकत घेतला होता, कुणाच्या नंबरचा कोण जाणे. तो लावला की कारखान्यातली सगळ्यात तेज नजर धुकं पांघरून बसे. तो चष्मा तो मुद्दाम हरवी, तुडवी, विसरून येई, आणि लोक म्हणत, घारचं लांबचं तेवढं चांगलं आहे, जवळचं गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त मूठ झाकून धरायला किती जोर लागतो हे ज्याची मूठ त्यालाच ठाऊक. तीनदा त्याला सुपरवायझर करायला निघाले होते आणि तीनदा तो नाही म्हणाला, कारण सुपरवायझरला रोज संध्याकाळी वहीत लिहावं लागे. लोकांना वाटलं, काय निर्मोही माणूस. एका वर्षी कंपनीने प्रौढांचा वर्ग काढला. भट्टीवरचे, गोदामातले, झाडणारे असे वीसजण संध्याकाळी बसू लागले, आणि अंकलिप्या वाटायला साहेबांनी कुणाला बोलवावं? घारला. त्याने एकेकाच्या हातात पुस्तक दिलं आणि दोन शब्द बोलला. शिका रे, म्हणाला, शिकाल तर टिकाल. टाळ्या पडल्या. एक पुस्तक उरलं ते त्याने हातात घेऊन चाळलं, पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं. त्या वर्गाचं दार टाळायला तो पुढे दोन महिने लांबच्या वाटेने घरी जात होता.

ही गोष्ट एकट्या बायकोला माहीत होती. लग्नानंतर आठव्या दिवशी तिने त्याच्या हातात तिच्या भावाचं पत्र दिलं आणि तो ते खूप वेळ बघत राहिला, तेव्हा तिने ते अलगद काढून घेतलं आणि स्वतः वाचायला लागली. विचारलं नाही. त्यानंतर घरात आलेला कागद आधी तिच्या हातात जाई. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या शाळेच्या वह्यांवर पालक म्हणून सही करायला हीच पुढे. “अहो, तुमचा चष्मा मी,” असं ती एकदा एकांतात म्हणाली होती, आणि पुढे तेच त्यांचं थट्टेचं वाक्य झालं. ती तीन वर्षांपूर्वी गेली. माणूस गेलं की घर सुनं होतं हे सगळेच सांगतात. त्याचं घर मुकंही झालं. आलेली पाकिटं त्याने पलंगाखालच्या पेटीत ठेवायला सुरुवात केली. मुलीने विचारलं तर म्हणे, बघितलं, विशेष काही नाही. मुलगी त्याच्याबरोबरच राहत होती, औषधांच्या दुकानात काम करत होती. डॉक्टरांचं जे अक्षर देवालाही लागत नाही ते ती एका नजरेत वाची आणि गोळ्या काढून देई, म्हणून मालक तिला सोडत नव्हता. तिला वाटे, हे बाबांकडून आलं. ती मैत्रिणींना सांगत असताना त्याने एकदा आतल्या खोलीतून ऐकलं होतं. माझे बाबा सातवीपर्यंतच शिकले, पण डोकं असं आहे की पुढे शिकते तर कुठल्या कुठे गेले असते. ते ऐकून तो पलंगावर बसून राहिला होता. सातवी हा आकडा त्यानेच कधीतरी एका फॉर्मसाठी तोंडाला येईल तसा सांगितला होता, आणि बायकोने खाली मान घालून लिहिला होता. खरी सातवी नव्हती, सात आठवडे होते. सात आठवडे तो शाळेत गेला, फळ्यावरच्या खडूच्या रेघा कुठे जाड आणि कुठे पातळ ते बघत बसला, आणि मग धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिला तो राहिलाच. आकार त्याला दिसत होते. ते बोलत नव्हते, एवढंच.

मुलीला सांगायचं काय, हे घरापर्यंतच्या रस्त्यात ठरलं नाही. संध्याकाळी ती आली तेव्हा चिठ्ठी टेबलावर होती. तिने चप्पल काढता काढता ती उचलली, वाचली, आणि तिथेच एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली. “हे कधीपासून?” तिने विचारलं.

“बरेच दिवस,” तो म्हणाला. हे एका अर्थी खरंच होतं.

“आणि मला सांगितलं नाही?”

“तुला कशाला त्रास.”

“मी काय परकी आहे?” ती खाली बसली. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाली, “मी आत्ता दिसते का तुम्हाला?”

“माणूस आहे एवढं कळतं,” तो म्हणाला. “चेहरा लागत नाही.”

हे वाक्य का बोललो, ह्याचा त्याने पुढे चार दिवस विचार केला. एकदा आंधळेपण कबूल केलं की त्याला अंगभर पोसावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलीने दुकानातून रजा घेतली. घरातली खुर्ची वाटेतून उचलली, उंबऱ्यावर पांढरी पट्टी चिकटवली, पाण्याचा तांब्या नेहमी उजव्या हाताला ठेवू लागली. बाहेर निघालं की त्याचं कोपर धरी. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसं थांबत, गाड्यांना हात दाखवत, एक बाई तर अर्ध्या वाटेतून मागे वळून त्याला पलीकडे सोडून गेली. त्याला आठवलं, एकदा बसथांब्यावर एका म्हाताऱ्याने त्याला कुठली बस कुठे जाते ते विचारलं होतं. चष्मा नाही, दिसत नाही, असं त्याने सवयीने सांगितलं, तेव्हा तो म्हातारा म्हणाला होता, “मला तर वाचताच येत नाही बुवा,” आणि थांब्यावरचे दोन तरुण एकमेकांकडे बघून हसले होते. ते वाईट नव्हते. हसू आलं, हसले. आंधळ्याला लोक हात देतात, अडाण्याला हसतात. आंधळ्याचं नशीब फुटकं असतं, अडाण्याचं डोकं. म्हणून त्याने हे पांघरूण निवडलं होतं, आणि आता त्याखाली त्याचा जीव गुदमरत होता. त्याला एका जागी बसवेना. उठला तर मुलगी धावे. खिडकीत उभा राहिला तर समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काचेला गेलेली चीर दिसे, आणि हात आपोआप ती बाजूला काढायला शिवशिवे. दुसऱ्या दिवशी जेवताना ताटात भाताच्या वरच पांढरा खडा होता. शितांच्या रंगाचा, पण चमक वेगळी. चौतीस वर्षं त्याने हेच केलं होतं, हजारांतला एक खोटा वेचून काढणं. मुलगी समोर बसून बघत होती. तो घास त्याने उचलला, तोंडात घातला आणि चावला. दाढेत जे वाजलं ते तिलाही ऐकू गेलं. “खडा आला का? मला कसा दिसला नाही,” ती म्हणाली, आणि स्वतःलाच दोष देऊ लागली.

पण खडा गिळता येतो. जे गिळता आलं नाही ते निराळंच होतं. मुलगी त्याच्यासमोर रडत होती. आवाज न करता. बोलणं नेहमीचं, हसतं, “चहा ठेवू का बाबा, आज ढग आहेत बाहेर,” आणि गालावरून पाणी ओघळून हनुवटीवर येऊन थांबलेलं. ती पुसतही नव्हती. पुसायचं कशाला, ज्याच्यापासून लपवायचं त्याला तर दिसत नाही. बाहेर जाऊन रडायची तिला गरजच उरली नव्हती. तिच्या वरच्या पापणीचे केस ओले होऊन दोन-दोन एकत्र चिकटलेले त्याला दिसत होते. उजव्या नाकपुडीचा कोपरा थरथरत होता. आईच्या आजारपणात ती इतकी रडली असेल का, आणि रडली असेल तर कुठे, हे त्याला माहीत नव्हतं, कारण तेव्हा तो डोळस होता. तो म्हणाला, “ठेव चहा.” आणि मान खाली घालून मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बसला. तोंडापर्यंत शब्द आले होते. वाचता येत नाही मला, डोळे शाबूत आहेत, पूस ते पाणी. मग पुढे? मग ती विचारेल, कधीपासून? आणि सातवीचं काय, रोज समोर धरून बसता त्या वर्तमानपत्राचं काय, पेटीतल्या पाकिटांचं काय, माझ्या लग्नाबद्दल मावशीने तुम्हाला एवढं लांबलचक पत्र लिहिलं होतं आणि तुम्ही विचार करून सांगतो म्हणालात, त्याचं काय? एक वीट काढायची म्हटलं तर अख्खी भिंत अंगावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चहा आला. तो प्याला. साखर कमी होती, तेही बोलला नाही.

गुरुवारी फोरमन घरी आला. त्याच्याच वयाचा, बरोबरीने भरती झालेला, मोठ्या आवाजाचा माणूस. आंधळा झालेला मनुष्य बहिराही होतो अशी त्याची समजूत असावी, कारण आज तो आणखीच ओरडून बोलत होता. “घार, तू काळजी करू नकोस. साहेब म्हणाले, काढणार नाही. खोकी बांधायच्या खोलीत बसवू. चाचपून करायचं काम आहे, डोळे नाही लागत.”

“आणि उजेडापुढे कोण बसलंय?”

“दोन पोरं बसवलीत. दोघं मिळून तुझं काम करतात, म्हणजे करत नाहीत. काल गळ्याला चीर असलेला दोन पेट्या माल गेला बाहेर. गिऱ्हाईक बोंबलतंय.” फोरमनने त्याचा गुडघा दाबला. “उद्या डॉक्टर काय म्हणतो त्यावर आहे सगळं. लिहून दिलं त्याने, की बाबा दिसतंय, तर सोमवारी आपल्या जागेवर. नाहीतर मग खोकी. दोन वर्षं राहिलीत, निघून जातील.”

दोन वर्षं खोकी. त्याने ती खोली पाहिली होती. तिला खिडकी नव्हती. तिथल्या माणसांना त्यांचे आईबाप सोडून कुणी नावानेही ओळखत नसेल, मग टोपणनावाची गोष्टच दूर. उजेडापुढचं ते स्टूल गेलं तर आपण कोण, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, जो शब्द आजवर कुणी त्याला तोंडावर म्हटला नव्हता. फोरमन गेल्यावर मुलगी म्हणाली, “उद्या सगळं ठीक होईल बाबा,” आणि पुन्हा तिच्या गालावरून तेच. त्याने डोळे मिटून घेतले. निदान बघणं तरी थांबवता येत होतं.

इस्पितळातले डॉक्टर म्हातारे होते, त्याच्याहूनही दोन-चार वर्षांनी मोठे. घाई त्यांना कसलीच नव्हती. खोली लांब होती, जमिनीवरून एका यंत्राची वायर आडवी गेली होती. मुलीने कोपर धरून त्याला आत आणलं आणि खुर्ची दाखवली. पाटीवर इथेही दिवा, इथेही अक्षरं. “काय दिसतंय?” त्यांनी विचारलं. “दिसत नाही,” तो म्हणाला. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. नंतर खुर्चीत रेलून त्यांनी विचारलं, “काम काय करता?” त्याने सांगितलं. “किती वर्षं?” त्याने सांगितलं. “आत येताना वायरवरून पाय उचललात तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “मुलीने सांगितलं नव्हतं. तीच तिच्यात अडखळणार होती.” डॉक्टर उठले, पाटीतला कागद सरकवून काढला आणि दुसरा घातला. त्यावर अक्षरं नव्हती. तीन दातांचा एक आकार होता, जेवायच्या काट्यासारखा, वरच्या ओळीत एकच मोठा, खाली खाली लहान आणि पुष्कळ, आणि प्रत्येकाचे दात वेगळ्या दिशेला. “शाळेत किती गेलात ते मी विचारत नाही,” डॉक्टर म्हणाले. “काट्याची तोंडं कुठे आहेत तेवढं हाताने दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा कागद आहे.”

“बाबा शिकलेले आहेत,” मुलगी मागून म्हणाली. जराशी रागावूनच म्हणाली. “सातवीपर्यंत.”

हात मांडीवर होता. तो तिथेच राहू द्यायचा, एवढंच करायचं होतं. नाही दिसत, म्हणायचं, आणि कोपर पुन्हा तिच्या हातात देऊन बाहेर पडायचं. सोमवारपासून खोकी. मुलीच्या नजरेत सातवी शिकलेला, नशिबाने आंधळा झालेला बाप. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती, चेहरा शांत, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याच्या तोंडावर, बिनदिक्कत, भिंतीसमोर रडावं तसं. पाचवा दिवस होता. आपल्या लेकीच्या लेखी आपण भिंत झालो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचा हात उठला. उजवीकडे. खाली. डावीकडे, वर, वर, उजवीकडे. डॉक्टर पाटीवर काठी ठेवत गेले आणि त्यांची काठी पोचायच्या आत त्याचा हात वळू लागला. ओळी लहान होत गेल्या तसा त्याचा वेग वाढला, पट्टा जोरात सोडल्यावर वाढे तसा. शेवटच्या ओळीला डॉक्टर स्वतः पुढे वाकून बघत होते. ओळ संपली तेव्हा त्याच्या कपाळाला घाम होता. “ह्याच्या खाली अजून एक बारीक ओळ आहे,” तो म्हणाला. “पण ती अक्षरांची आहे. ती मला येत नाही.”

बाहेरच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं नंबर लागायची वाट बघत बसली होती. मुलगी पुढे चालत गेली, पहिल्यांदाच कोपर न धरता. टोकाच्या बाकावर बसली. तो तिच्याशेजारी बसला तेव्हा तिने ओढणीने डोळे घासून पुसले, मान पलीकडे करून, कुणी बघू नये अशा रीतीने.

“म्हणजे सगळं दिसत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तुमच्यासमोर रडत होते. चार दिवस. तुम्ही बघत होतात.”

“हो.”

“वाचता येत नाही म्हणून कुणी मरत नाही, बाबा. मी आयुष्यभर वाचून दाखवलं असतं. आईने दाखवलंच असणार.” तिचा आवाज फुटला, पण तिने तो आवरला. “तुम्हाला काय वाटलं, मी हसेन?”

त्याला तेच वाटलं होतं. चाळीस वर्षं हीच भीती जपली होती, आणि ज्याची भीती धरली ते हे नव्हतंच. तिला लाज वाटली नव्हती. तिला दुखलं होतं, आणि ते वेगळ्याच जागी. चुकलं माझं, एवढं तो म्हणाला. दोघांच्या मध्ये डॉक्टरांनी दिलेला कागद होता. त्याकडे बघत त्याने विचारलं, “काय लिहिलंय?”

तिने कागद उघडला. “दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम. कामावर रुजू होण्यास हरकत नाही.” आणि घडी घालू लागली.

“ओळी पाच आहेत,” तो म्हणाला. “तू दोन वाचल्यास.”

“बाकीचं काही महत्त्वाचं नाही.”

“माझ्याबद्दलच आहे ना?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग कागद पुन्हा उघडला आणि एका दमात, सपाट आवाजात वाचलं. “रुग्ण निरक्षर असल्याने चिन्हांच्या तक्त्यावर तपासणी केली.” आणि लगेच म्हणाली, “हा कागद द्यायचा नाही. साहेब वाचतील, फोरमन वाचेल, अख्खा कारखाना वाचेल. मी आत जाऊन ती ओळ काढून दुसरा लिहून आणते. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत.” ती उठलीसुद्धा.

“थांब. कुठला शब्द तो?”

ती थांबली. तिने बोट ठेवलं. चौथ्या ओळीत दुसरा. त्याने कागद हातात घेतला, हात लांब केला आणि उजेडाकडे धरला. वर आडवी रेघ, तिला खाली चार आकार टांगलेले. पहिल्याच्या आधी एक काठी, तिचं टोक वर वळून त्याच्या डोक्यावर आलेलं. तिसरा सगळ्यांत गुंतागुंतीचा. आयुष्यभर लपवलेली गोष्ट एवढीशी होती, अर्ध्या बोटाची. डॉक्टरांचं अक्षर घाईचं होतं, तरी त्याला दिसायचं ते दिसलं. “ह्यातला दुसरा आणि शेवटचा एकाच साच्यातले आहेत,” तो म्हणाला.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. राग अजून तिच्या चेहऱ्यावर होता. “र आहे तो,” ती म्हणाली.

“र.” त्याची नजर कागदावर फिरू लागली, थांबवून थांबेना. “इथे आहे. इथे आहे. ह्याला गाठ मारलीय, पण आहे तोच.”

“हो. तो रु.” ती पुन्हा बाकावर बसली. हळूहळू, एकेका आकारावर बोट ठेवून, तिने तो शब्द त्याला फोडून दाखवला. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याने तिचं बोट बाजूला केलं. समोरच्या भिंतीवर पाट्या होत्या, व्हरांडाभर पाट्या होत्या, आणि त्यांतले र आता त्याला एकेक करून दिसायला लागले होते, छळायला लागले होते. उरलेलं सगळं अजून मुकं होतं. साठीच्या उंबऱ्यावर एक र घेऊन कुठे पोचणार, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. जीव शांत झाला नव्हता. पण कागद त्याने घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

“तो द्यायचा नाही म्हटलं ना,” मुलगी म्हणाली. “साहेबांनी विचारलं, हे काय लिहिलंय, तर काय सांगणार आहात?”

त्याने कागद पुन्हा काढला, उलगडला, चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दाखाली बोट ठेवलं, आणि जन्मात पहिल्यांदा कागदावरचं मोठ्याने वाचलं. “निरक्षर.” शेजारच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं.